स्कॅनरशी न बोलणारी गाडी

१

“वहिनी, मी कुठंही गेली तरी हे तिथं येऊन उभे राह्यतेत. मी कोणाले सांगतलेलं नसते. मंग समजते कसं?”

नवरात्राच्या दिवसांत, तांदूळ निवडता निवडता वैष्णवीनं हे विचारलं तेव्हा निकिताचं अर्धं लक्ष मांडीवरच्या तान्ह्याकडे होतं. तिनं हसून बोलणं उडवून लावलं. “अवो ताई, यवतमाळ आहे केवढं! चौकात घटकाभर उभं राह्यलं तर सारे सोयरे भेटतात. योगायोग असंन.”

 वैष्णवीनं तांदळातला खडा उचलला आणि अंगणात फेकला.

पण योगायोग थांबेना. वैष्णवीनं नवऱ्याचं घर सोडून पाच वर्षांच्या नयनला घेऊन कळंबला माहेर गाठलं, त्याला वर्ष होत आलं होतं. नवरा गुणवंत बाभुळगावकडचा. तो माहेरच्या दारात कधी आला नाही. तो यवतमाळला नयनच्या दातांच्या दवाखान्याखाली यायचा. वकिलाच्या कागदांची झेरॉक्स काढायला गेलं की दुकानासमोर यायचा. बोलायचा काहीच नाही. वैष्णवी चालवायची त्या माहेरच्या पांढऱ्या गाडीला टेकून उभा राहायचा आणि बॉनेटवरच्या धुळीत बोटानं रेघ ओढायचा. तिनं फोन बदलला, नंबर बदलला, तरी तो येतच राहिला.

तुळशीच्या लग्नानंतर एका लग्नात मात्र त्यानं नयनचा दंड धरला आणि तिला ओढत मोटारसायकलपर्यंत नेलं. मंडपातली माणसं धावली म्हणून पोरगी सुटली. दंडावर पाच बोटं उमटली होती. पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली आणि विचारलं, “ते पाळतीवर राह्यते म्हणता, पण कशावरून?” 

त्या दिवसापासून निकिता हसायची बंद झाली.

आता वैष्णवीनं लांबच्या एका गावी औषधांच्या दुकानात नोकरी मिळवली होती. वकिलाला विचारून, कागदपत्रं घेऊन, सोमवारी पहाटे नयनसह निघायचं होतं. गावाचं नाव घरात तिघांनाच माहीत होतं: वैष्णवी, तिचा धाकटा भाऊ बंटी आणि बंटीची बायको निकिता. गुणवंतला ते गाव कळलं तर पुन्हा सगळं तेच, आणि पुढच्या वेळी मंडपातली माणसं जवळ असतीलच असं नाही.

शनिवारी सकाळी वैष्णवीनं गाडीला चावी लावली. गाडी नुसती टकटकली. बॅटरी पुन्हा उतरली होती. आणि इंजिनाचा पिवळा दिवा डोळे वटारून पाहत होता.

२

हाफिजभाईचं गॅरेज यवतमाळ रोडला, टिनाच्या शेडमध्ये. बंटीनं दुसऱ्या बॅटरीच्या तारा जोडून गाडी चालू केली आणि तिथवर आणली. निकिता बाळाला कडेवर घेऊन मागं बसली. घरी बसून तिचा जीव थाऱ्यावर राहणार नव्हता.

“चिंता नको करू भाभी,” हाफिजभाई म्हणाला. त्यानं खोक्यातून नवा स्कॅनर काढला, मऊ फडक्यानं पुसला. “ही मशीन घेतली तवापासून अंदाजाचं काम बंद. गाडीच्या पोटात काय दुखते ते खुद्द गाडीच सांगते. कोड येते इथं, बस.”

त्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर खुपसली, चावी ऑन केली. स्कॅनरचा पडदा उजळला. एक रेघ पुढं सरकली, थांबली, आणि अक्षरं आली: लिंक एरर.

“बोलली का?” बंटीनं विचारलं.

“नाही बोलली.” हाफिजभाईनं वायर काढून पुन्हा लावली. तेच. सॉकेटमधली धूळ फुंकली, पिना टोकदार काडीनं साफ केल्या. तेच. मग स्कॅनर नेऊन शेडमागच्या स्वतःच्या मालवाहू व्हॅनला लावला. व्हॅननं पटापट दोन कोड ओकले.

“माझी मशीन ठीक हाय,” तो म्हणाला. “तुमची गाडी रुसली हाय.”

“रुसायले काय झालं तिले? नवे सीट कव्हर घातले, पोटभर पेट्रोल पाजतो,” बंटी म्हणाला. मग आवाज खाली आणून निकिताच्या कानाशी, “मले तर याच्यावरच शंका येऊन राह्यली. गाडीची सर्व्हिसिंग हाच करते. दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही.”

ते हाफिजभाईला ऐकू गेलं. तो सरळ उभा राहिला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला, डिसेंबरच्या थंडीतही.

“बंटी, तुझ्या बापाच्या ट्रॅक्टरपासून या घरचं काम करतो. मनात असंन ते तोंडावर बोल.”

 निकितानं मध्येच विचारलं, “हाफिजभाई, मशीनला करंट तर मिळते न? पडदा तर लागला.”

“मिळते.”

“म्हणजे सॉकेटपर्यंत वीज येते. फक्त गाडीचा जवाब येत नाही.”

हाफिजभाईनं तिच्याकडे पाहिलं. “हो. आणि बॅटरी पन रोज उतरते. गाडी बंद असूनही कोनीतरी रातभर वीज पिऊन राह्यलं.”

निकितानं नकळत बाळाला छातीशी घट्ट धरलं. ‘कोणीतरी’ हा शब्द तिला आवडला नाही.

३

हाफिजभाईनं बॅटरीच्या वायरीत मीटर लावला. गाडी बंद, चावी खिशात, तरी काटा हलत होता. मग त्यानं एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. दिव्यांचा काढला, काटा तसाच. हॉर्नचा काढला, तसाच. रेडिओचा, तसाच. स्कॅनरच्या सॉकेटचा फ्यूज काढला आणि काटा धाडकन शून्यावर बसला.

“पकडलं,” तो म्हणाला. “जे काही हाय, ते या सॉकेटच्याच लाइनवर बसलं हाय.”

पायडलांपाशी डोकं घालून तो आडवा पडला. टॉर्चचा उजेड आत फिरत राहिला. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते.

“इकडच्या पॅनलचे स्क्रू कोनं उघडले?” आतून आवाज आला. “खरवडलेत. ताजे हायेत. म्या या पॅनलला कधी हात लावला नाही.”

“मंग दिसलं काय?” बंटीनं विचारलं.

“तारा साफ हायेत. जिथवर दिसते तिथवर. पुढं तुमची देवाची पुडी बांधून हाय.”

बंटी वाकला. ब्रेकच्या पायडलच्या वर, अगदी आत, तारांच्या जुडग्याला लाल कापडाची पुडी घट्ट शिवून बांधलेली होती. डोकं पार खाली घातल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. बंटीनं आपोआप बोटं कपाळाला लावली.

“ती जरा बाजूला करून पाहा न,” निकिता म्हणाली.

हाफिजभाई बाहेर आला. हात झटकले. “नाही भाभी. ते तुमच्या देवाचं हाय. घरच्या मानसानं सोडलं तर सोडलं. उद्या काही वाईट घडलं तर लोक म्हनतीन हाफिजनं पुडी सोडली. हे काम मले जमनार नाही.”

त्याचं खरं होतं. निकितानं बंटीकडे पाहिलं. बंटी दुसरीकडे पाहत होता.

“आईले विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा?” तो पुटपुटला. “देवाचं काम आहे. घरात लहान लेकरू आहे आपलं.”

फ्यूज परत बसला. गाडीत दुसरी बॅटरी टाकून ती घरी आली. पिवळा दिवा तसाच जळत होता, आणि सोमवार एक दिवस अलीकडे सरकला होता.

४

निकितानं ठरवलं, पुडीची जागा आपण सांगायची नाही, बंटीलाही सांगू द्यायची नाही. नुसतं विचारायचं आणि कोण काय बोलतं ते ऐकायचं. असं का ठरवलं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाळ झाल्यापासून तिला सवयच लागली होती. रडण्याचं कारण बाळ सांगत नाही, ते पाहून ओळखावं लागतं.

सासूबाई, विमलताई, तुरीच्या शेंगा सोलत ओसरीवर बसल्या होत्या.

“आई, गाडीतली पुडी कोणी बांधली हो?”

“आरशाची? म्याच. पूजेच्या दिवशी बांधली. तू तं होती न तिथं, नवी नवरी, हिरवा चुडा भरून. इसरली काय?” विमलताईंनी सोललेले दाणे ओंजळीत घेतले. “काहून?”

“हाफिजभाई म्हणत होते, काढावी लागते का पाहू.”

“काही नोको काढू, बाई! देवाची पुडी सोडली तं घरच्या सगळ्यात लहानाले बाधते. माह्या मावशीच्या घरी झालतं.”

 पाळण्यातलं बाळ शांत झोपलं होतं. तरी ती जाऊन त्याच्या नाकापुढं बोट धरून आली.

बंटी गोठ्यामागं फोनवर बोलत होता. निकिताची चाहूल लागली तसा त्यानं आवाज आणखी खाली घेतला. “हो, हो. सोमवारी सकाळीच. गाडी पांढरी आहे. फक्त कोणाले सांगू नका.”

ती भिंतीपाशी थबकली. नवऱ्याचा आवाज तिनं कधी इतका दबका ऐकला नव्हता. क्षणभर मनात जे आलं त्याची तिला भीती वाटली. बंटी वळला, ती दिसली, आणि त्यानं फोन खिशात टाकला.

“कोण होतं?”

“ताईच्या नव्या घराचे मालक. किल्ली कोणापाशी ठेवतात ते विचारत होतो. अशी काहून पाहून राह्यली माह्याकडं?”

“दाखवा फोन.”

बंटीनं एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग फोन पुढं केला. नंबर त्या गावच्या घरमालकाचाच होता. निकितानंच तो शोधून दिला होता. तिनं फोन परत दिला. तिचा चेहरा लाल झाला होता.

“गाडीतली पुडी कोणी बांधली?” तिनं विचारलं.

“आरशाची आईनं. ती ब्रेकपाशची तर मी आजच पाह्यली, तिचीच असंन. अजून तिथंच आहे तुझी गाडी?”

“आणि सीट कव्हर तुम्ही टाकून आणले न, श्रावणात?”

“मी कायले? तेव्हा मी सोयाबीनच्या फवारणीत होतो. बाबांनी नेलती गाडी यवतमाळले.”

“मामाजींनी? त्यांना गाडी चालवता येत नाही.”

“नेली असंन कोणाले तरी घेऊन.” बंटी थांबला. “कोणाले, ते नाही विचारलं बाप्पा मी.”

सासरे, पुंडलिकराव, अंगणात बाजेवर पाय लांब करून बसले होते. गुडघ्यांना तेल चोळणं चालू होतं. गुडघे वाकत नसल्यानं ते जमिनीवर जेवायलाही बसत नसत. गाडीत बसायचं तर मागच्या सीटवर, दोघांनी धरून.

“मामाजी, गाडीतली पुडी सोडावी लागते म्हणते मेकॅनिक.”

पुंडलिकरावांचा हात तेलाच्या वाटीत थांबला.

“कायले सोडता? देवाचं हाय, राहू द्या. तिचा ब्रेकले अडथळा होत नाही, पायाले लागत नाही. काय खात हाय तुमचं?”

“बरं,” निकिता म्हणाली आणि आत गेली.



५

रविवारी उजाडताना कळंबात धुकं होतं. बाळाला पाजून, विमलताईंच्या कुशीत देऊन निकिता शाल गुंडाळून अंगणात आली. वैष्णवी आधीच चुलीपाशी पाणी तापवत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“ताई, एक सांगा. तुम्ही न मिळालेल्या त्या नोकरीच्या मुलाखतीले वर्ध्याला गेलत्या, तेव्हा एसटीनं गेलत्या न?”

“हो. त्या दिवशी गाडीची बॅटरी उतरलेली होती.”

“तिथं आलते ते?”

वैष्णवीनं आठवून पाहिलं. “नाही. कुठंच दिसले नाही. मले वाटलं, लांब म्हणून आले नसतीन.”

“फोन तुमच्यापाशी होता?”

“होता न. फोनबिगर कशी जाईन?”

“आणि जिथं जिथं आले, तिथं गाडी होती. दवाखाना, झेरॉक्स, लग्न. प्रत्येक वेळी गाडी.”

जळतं लाकूड वैष्णवीच्या हातातच राहिलं. “वहिनी, काय म्हणून राह्यल्या तुम्ही?”

“ते तुम्हाला शोधत नाहीत, ताई. ते गाडीला शोधतात.”

गाडी रात्रभर उघड्यावर उभी होती. काचांवर दव होतं. निकितानं दार उघडलं, सीट मागं ढकलली आणि पायडलांपाशी डोकं घातलं. तिनं तळहात पुढं नेला. ब्रेकचं लोखंड बर्फासारखं. पॅनलचं प्लास्टिक बर्फासारखं. तारा गार. बोटं लाल पुडीपाशी पोचली.

पुडी कोमट होती.

तिनं हात काढला, फुंकर मारून पुन्हा लावला. झोपलेल्या लेकराच्या टाळूइतकी कोमट. आणि आता इतक्या जवळून तिला दुसरंही दिसलं: आजूबाजूच्या तारांवर कापसाच्या तंतूंचा, धुळीचा थर बसला होता, पण पुडीचं कापड परवा दुकानातून आणल्यासारखं लालबुंद होतं.

अंगाऱ्याला ऊब येत नाही. वीज पिणाऱ्या वस्तूला येते.

“ताई, ब्लेड आणा.”

“वहिनी, आई म्हणते...” वैष्णवीनं ओसरीकडे पाहिलं. “लेकराले काही झालं तर?”

निकिताच्या डोळ्यांपुढं बाळाचा चेहरा आला. तिनं डोळे मिटले, मनातल्या मनात कळंबच्या चिंतामणीला हात जोडले. देवाला सगळं दिसतं, असं लहानपणापासून ऐकलं होतं. मग हेही दिसत असेल.

“तुमचीही लेकच आहे न,” ती म्हणाली. “आणा ब्लेड.”

टाके एकामागून एक तुटले. कापड उलगडलं. आत ना अंगारा, ना तांदूळ. काडेपेटीएवढी काळी डबी होती, आणि तिच्यावर हिरवा ठिपका उघडझाप करत होता.

६

हाफिजभाई रविवार असूनही मोटारसायकल दामटत घरी आला. डबी पाहिली, तारा चाचपल्या आणि कपाळावर हात मारला.

“म्या रोज असल्या डब्या ट्रकांत लावतो, भाभी. मालक लोक लावून घेतेत, गाडी कुठं हाय ते त्यायले फोनवर दिसते. लाल कापडात घातली, आन् म्या हात जोडून बाजूला झालो!” त्यानं तारांवर बोट ठेवलं. “हे पाहा. करंट इथून चोरला. आन् ज्या दोन तारांतून गाडी मशीनशी बोलते, त्या पन छिलून जोडल्या, त्याही कच्च्या. आपली मशीन गाडीले विचारते, आन् ही बया मधातच बोंबलते. गाडी जवाब कोनाले देईन?”

“आता काढू नका,” निकिता म्हणाली. “काढली तर तिकडे त्यांना समजेल.”

“समजनार नाही.” त्यानं शेजारी जुनी छोटी बॅटरी ठेवली, तिच्या तारा डबीला जोडल्या आणि मगच गाडीच्या तारा सोडल्या. हिरवा ठिपका मिचमिचत राहिला. मग त्यानं गाडीच्या तारांवर टेप गुंडाळला आणि स्कॅनर लावला.

रेघ पुढं सरकली, थांबली नाही. पडद्यावर एकच कोड आला. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर खराब.

“एवढंच?” बंटी म्हणाला.

“एवढंच. तासाभराचं काम. गाडीनं काही लपवलंच नव्हतं, तिले बोलूच देत नव्हते.”

निकिता मात्र ओसरीकडे पाहत होती. पुंडलिकराव काठी टेकत दारात आले होते. लाल कापड तिच्या हातात पाहून त्यांनी मान वळवली.

“मामाजी, मी काल सगळ्यांना एकच विचारलं. गाडीतली पुडी. आईंना आरसाच आठवला, यांनी खालची पुडी गॅरेजातच पहिल्यांदा पाहिली. घरात कोणाला दुसरी पुडी माहीतच नव्हती. ब्रेकपाशी आहे, पायाला लागत नाही, हे फक्त तुम्ही बोलले. तुम्हाला तर वाकताही येत नाही. श्रावणात सीट कव्हर घालायला गाडी नेली, ती कोणी चालवली?”

 पुंडलिकराव बोलले, आणि त्यांचा आवाज चढलाच.

“जवायानं चालवली. मंग? नवरा हाय तिचा! बायको कुठं जाते ते नवऱ्याले माहीत नोको? मंदिरात हात धरून शपथ घेतली त्यानं माह्यापुढं. म्हने मामाजी, हात लावनार नाही, फक्त लक्ष ठेवतो, मन वळवतो. चार लोक मले इचारतेत, लेक माहेरी काहून बसली. म्या काय सांगू? पोरगी नांदती व्हावी असं बापाले वाटनार नाही काय?”

“लग्नात पोरीले ओढलं, तेव्हाही?” वैष्णवीनं विचारलं. ती पायरीवर उभी होती, नयनला पाठीशी घेऊन. “बाबा, तेव्हाही काढावी वाटली नाही?”

पुंडलिकरावांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

“रागात झालं म्हने त्याच्याकून.”

“आणि सोमवारचं?” निकितानं विचारलं. “ते सांगितलं तुम्ही?”

 “त्यानं इचारलं. म्या सोमवार बोललो फक्त. गाव मले कुठं माहीत हाय!”

“गाव ही डबी सांगणार होती, मामाजी.”

म्हातारा खाली बसू पाहत होता, पण गुडघे वाकेनात. कोणी धरायला पुढं झालं नाही. विमलताई आतून आल्या, बाळ खांद्यावर. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“नयनच्या दंडाले म्या हळद लावली,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, अगदी हळू. “तवा तुमी तोंड फिरवून बसले होते. मले वाटलं, पाहवत नसंन म्हनून.”

७

बेत निकितानं सांगितला, आणि हाफिजभाईनं एका शब्दात मान्य केला.

सोमवारी पहाटे डबी पुन्हा लाल कापडात गेली आणि बॅटरीसकट त्याच्या व्हॅनमध्ये बसली. व्हॅन पुढं निघाली, बंटी शेजारी. सवयीप्रमाणे यवतमाळच्या दिशेनं. बऱ्याच वेळानं पांढरी गाडी उलट दिशेला लागली. इंजिनाचा पिवळा दिवा विझलेला होता.

निघताना पुंडलिकराव फाटकापाशी येऊन उभे राहिले. नयनच्या डोक्यावर ठेवायला उचललेला हात तसाच अधांतरी राहिला.

“कोनत्या गावाले चालली, एवढं तं सांग, पोरी. बाप हाय मी.”

वैष्णवीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. “फोन करीन, बाबा,” एवढंच ती म्हणाली आणि काच वर केली.

निकिता घरात येरझाऱ्या घालत राहिली. बाळाला दोनदा पाजलं, दोनदा ताप पाहिला. बाळ ठणठणीत, हसत होतं. शेवटी बंटीचा फोन आला.

“आम्ही पोलीस ठाण्याच्या आवारातच व्हॅन लावली. साहेबांना डबी दाखवली, बसून राह्यलो. आला न तो! मोटारसायकलवर. फोन हातात, फोनकडं पाहत पाहत थेट फाटकातून आत. पांढरी गाडी शोधत व्हॅनला दोन चकरा मारल्या. साहेबांनी विचारलं, काय पाहता? तर म्हणते, बायको पाहून राह्यलो. साहेब म्हणे, बायको इथं आहे हे सांगतलं कोणी? फोन दाखवा.”

“मग?”

“आता बसवला आहे आत.  ताई कुठवर पोचली?”

निकिता भिंतीला टेकून खाली बसली. रडू येत होतं, ते तिनं येऊ दिलं. “पोचल्या,” ती म्हणाली. “आताच कळवलं. नयन झोपली आहे म्हणे. मालकीणबाईंनी चहा दिला.”

गुणवंत काही दिवसांनी जामिनावर सुटला. सुटणारच होता. डबी आता त्याच्यापाशी नाही, पण दोन पाय आहेत, मोटारसायकल आहे, आणि ‘नवराच तर आहे’ म्हणून पत्ता सांगून टाकणारी भली माणसं गावोगाव आहेत.

म्हणून ते गाव कोणतं, हे इथं लिहिलेलं नाही. ते तुमचंही असू शकतं. तुमच्या गल्लीत कोणी बाई लेकीला घेऊन नव्यानं राहायला आली असेल, औषधांच्या दुकानात कामाला जात असेल, शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकापाशी जाऊन उभी राहत असेल, तर तिला कुठून आलात, नवरा काय करतो, असं विचारू नका. कोणी तिची चौकशी करत आलं तर तुम्हाला काहीच माहीत नाही. फक्त दिवेलागणीला तिच्या खिडकीकडे एकदा पाहत जा. उजेड दिसला नाही तर उद्यावर टाकू नका. लगेच जा, दार वाजवा, आणि आतून तिचा आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.